पीटी घ्यावा की सीव्हीटी: 110 केव्हीच्या यार्डाचा हिशेब

(बेळगाव, निपाणी, चिक्कोडी, अथणी भागातल्या साखर कारखान्यांचे विद्युत अभियंते, विद्युत ठेकेदार आणि पदविकेचे विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप.)

नमस्कार मंडळी.

सबस्टेशनचं अंदाजपत्रक तयार होताना पॉवर ट्रान्सफॉर्मर, ब्रेकर, सीटी (करंट मोजण्यासाठीचा ट्रान्सफॉर्मर) यांच्या ओळींवर तासन्‌तास खल होतो. व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर म्हणजे यार्डातलं व्होल्टेज मीटरला आणि रिलेला झेपेल इतकं खाली आणणारं उपकरण. त्याची ओळ मात्र मागच्या टेंडरमधून जशीच्या तशी उचलली जाते: अमुक नग, प्रत्येक वाइंडिंगला 200 व्हीए (म्हणजे इतका भार पेलण्याची क्षमता), क्लास 0.2 (म्हणजे चूक फार तर 0.2 टक्के). मग दोन कोटेशनं समोर येतात, एक पीटीचं (पोटेन्शियल ट्रान्सफॉर्मर), एक सीव्हीटीचं (कपॅसिटर व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर), आणि विचारलं जातं, स्वस्त कोणतं? हा प्रश्न फार उशिरा विचारलेला असतो. त्या 200 व्हीएमध्ये आणि त्या नगांच्या आकड्यात पैसा आधीच अडकलेला असतो. या उपकरणाकडून आपल्याला नेमकं कोणतं काम हवंय, हे आधी लिहून काढा. बहुतेक यार्डांत त्यानंतर प्रकारावर वाद उरत नाही, आणि रक्कमही खाली येते.

शब्दांपासून सुरुवात करू. आपण बोलताना ज्याला पीटी म्हणतो तो म्हणजे लोखंडी गाभ्यावर प्रायमरी आणि सेकंडरी गुंडाळलेला, तेलात बुडवलेला साधा ट्रान्सफॉर्मर. सीव्हीटीत वरच्या पोर्सिलीनमध्ये कपॅसिटरांची माळ असते. वरचा मोठा भाग सी1, खालचा लहान भाग सी2. माळेच्या मधल्या टॅपवर साधारण 10 ते 22 केव्ही मिळतं, आणि खालच्या टाकीतला छोटा ट्रान्सफॉर्मर ते 63.5 व्होल्टवर आणतो. त्याच टाकीत एक रिअ‍ॅक्टर असतो आणि फेरोरेझोनन्स (गाभा आणि कपॅसिटन्स यांच्या मेळातून व्होल्टेज आणि करंट बेफाम चढणं) दाबणारं डॅम्पिंग सर्किट असतं. दोघांच्या सेकंडरीला शेवटी 110 भागिले वर्गमूळ 3, म्हणजे तेच 63.5 व्होल्ट येतात. मीटरला आणि रिलेला मागे कोण आहे हे कळत नाही, निदान सगळं सुरळीत असेपर्यंत.

किंमतीतला फरक इन्सुलेशनमधून येतो. पीटीच्या प्रायमरीला हजारो वेढे असतात आणि त्या सगळ्यांना मिळून पूर्ण व्होल्टेज सोसावं लागतं. 33 केव्हीच्या उपकरणाला 170 केव्हीचा इम्पल्स, म्हणजे आकाशातल्या विजेसारखा झटका, सोसायचा असतो, 110 केव्हीला 550, 220 केव्हीला 1050. व्होल्टेज दुप्पट झालं की कागद, तेल, पोर्सिलीनची उंची, गाभ्याभोवतीची मोकळी जागा हे सगळं दुपटीहून जास्त वाढतं. सीव्हीटीत व्होल्टेज वाढलं की माळेत आणखी कपॅसिटर घालायचे. खालची टाकी जवळपास तीच राहते. म्हणून कमी व्होल्टेजला पीटी स्वस्त पडतो, जास्त व्होल्टेजला सीव्हीटी, आणि मध्ये कुठेतरी दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात. तो छेद साधारण 110 ते 145 केव्हीच्या पट्ट्यात येतो.

आपल्या भागाचं वैशिष्ट्य हेच. दक्षिण कर्नाटकात 66 केव्हीचं जाळं आहे. आपल्याकडे बेळगाव, धारवाड, विजापूर भागात 110 केव्ही आहे. पलीकडे कोल्हापुरातही 110 आहे, महाराष्ट्रात इतरत्र मुख्यतः 132. म्हणजे जिथे दोन्ही प्रकारांच्या किंमती जवळजवळ येतात, नेमक्या त्याच व्होल्टेजवर आपलं बरंचसं काम चालतं. 66 केव्हीवाल्यांना हा प्रश्न पडत नाही, 400 वाल्यांना तर नाहीच.

33 केव्हीवर फार वेळ घालवत नाही. तिथे पीटीच घ्यायचा, तेलातला किंवा रेझिन कास्ट. एचटी (उच्च दाबाच्या) ग्राहकाच्या मीटरिंगला सीटी-पीटीचा एकत्र सेट येतो, तोही ठीक. एकच सांगतो. 33 केव्हीच्या बसवर पीटी एकटाच जोडलेला असेल आणि न्यूट्रलचं अर्थिंग कमकुवत असेल, तर फेरोरेझोनन्सने पीटी जळू शकतो. तिसरी वाइंडिंग ओपन डेल्टात (तिन्ही फेजच्या वाइंडिंग ओळीने जोडून एक कोपरा उघडा ठेवून) घेऊन तिच्यावर डॅम्पिंग रेझिस्टर लावला तर हा धोका फार कमी होतो. रेझिस्टरची किंमत पीटीच्या मानाने किरकोळ असते, आणि अंदाजपत्रकात तो हमखास विसरला जातो.

220 केव्हीलाही निर्णय सोपा आहे: सीव्हीटी. माळेच्या कपॅसिटन्सची आपल्याकडे रूढ मागणी 4400 पिकोफॅरडची असते. पीटी इथे महाग पडतो, त्यात शेकडो लिटर तेल असतं आणि तो फुटला तर शेजारचं पोर्सिलीनही घेऊन जातो. याला अपवाद हार्मोनिक मोजायचे असतील तिथे. त्याकडे पुढे येतो.

आता 110 केव्ही. इथे कोटेशनमधला फरक बाजूला ठेवा आणि आधी बर्डन, म्हणजे सेकंडरीवर जोडलेला भार, बघा.

200 व्हीए हा आकडा आला कुठून? इलेक्ट्रोमेकॅनिकल रिले आणि चकतीच्या मीटरांच्या काळातून. तेव्हा एकेक रिले कित्येक व्हीए खायचा, आणि त्यांची रांग लागलेली असायची. आजचा न्यूमेरिकल रिले किंवा इलेक्ट्रॉनिक मीटर व्होल्टेज सर्किटमधून फेजला फार तर एक-दोन व्हीए घेतो, पुष्कळदा त्याहूनही कमी. चार मीटर आणि सहा रिले जोडले तरी दहा-पंधरा व्हीएच्या वर जाणं कठीण. मग 200 व्हीए मागून आपण काय विकत घेतो? मोठा गाभा, जास्त तांबं, आणि वर एक दोष. आयईसी 61869 या मानकाप्रमाणे मोठ्या बर्डनच्या व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरला क्लासची हमी रेटेड बर्डनच्या 25 ते 100 टक्क्यांच्या मध्येच असते. 200 व्हीएच्या वाइंडिंगला 50 व्हीएच्या खाली ती हमी लागू होत नाही. तुम्ही जोडलेत 8 व्हीए. क्लास 0.2 चे पैसे दिले आणि तो क्लास वापरलाच नाही.

यावर काही ठिकाणी उपाय म्हणून पॅनेलमध्ये डमी बर्डनचा डबा बसवतात, म्हणजे रेझिस्टर लावून लोड वाढवायचं. त्याने काय होतं ते गणितात बघू. यार्डातल्या जंक्शन बॉक्सपासून कंट्रोल रूमपर्यंत 100 मीटर केबल धरा, 2.5 चौरस मिलिमीटर तांब्याची. तिचा रोध किलोमीटरला सुमारे 7.4 ओहम, म्हणजे 100 मीटरला 0.74. तिन्ही फेज समतोल असल्या की न्यूट्रलमधून करंट नसतो, म्हणून एकेरी लांबीच धरायची. फेजला 20 व्हीए बर्डन असेल तर करंट 0.315 अँपिअर, आणि केबलमध्ये पडतात 0.23 व्होल्ट. 63.5 व्होल्टमध्ये हे 0.37 टक्के झाले. उपकरणाची कमाल चूक 0.2 टक्के आणि केबलची 0.37. मीटरला कमी व्होल्टेज दिसतं, म्हणजे विजेची नोंद कमी होते. तीच केबल 10 चौरस मिलिमीटरची घेतली तर चूक 0.09 टक्क्यावर येते. आणि केबल तशीच ठेवून बर्डन 2 व्हीएवर आणलं तर 0.04 टक्के.

यातून काय घ्यायचं? 110 केव्हीला मीटरिंग वाइंडिंग 10 व्हीए किंवा त्याहून कमी मागा, आणि हमी शून्य बर्डनपासून 100 टक्क्यांपर्यंत हवी, असं लिहा. मानकात ही सोय आहे, 10 व्हीएपर्यंतच्या बर्डनसाठीच ती केलेली आहे. आणखी एक गोष्ट. पीटी असो की सीव्हीटी, मीटरिंग आणि प्रोटेक्शन या दोन्ही वाइंडिंग एकाच गाभ्यावर असतात. सीटीसारखे वेगवेगळे कोअर इथे नसतात. प्रोटेक्शनच्या वाइंडिंगवर लोड वाढलं की मीटरिंगचं व्होल्टेजही थोडं सरकतं. म्हणून दोन्हींचं बर्डन एकत्र बसवून लिहायचं. प्रोटेक्शनला 3पी क्लास (3 टक्क्यांपर्यंत चूक चालणारा) पुरतो, आणि त्यासाठीही मोठ्या व्हीएची गरज नाही.

हे इतकं बारीक का बघायचं, तर आपल्या जिल्ह्यांतल्या साखर कारखान्यांसाठी. सहवीजनिर्मिती करणारा कारखाना हंगामात ग्रिडला वीज विकतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2006 च्या मीटर नियमांप्रमाणे इंटरफेस मीटर 0.2एस क्लासचा लागतो, आणि सीटी, पीटीचा क्लास मीटरपेक्षा कमी चालत नाही. आता 20 मेगावॉट निर्यात आणि 150 दिवसांचा हंगाम धरू. 3,600 तासांत 7 कोटी 20 लाख युनिट झाली. त्यातली 0.1 टक्का चूक म्हणजे 72,000 युनिट. युनिटला 5 रुपये धरले तर एका हंगामात 3 लाख 60 हजार. समजा एका नगामागे पीटी आणि सीव्हीटीत तीस हजारांचा फरक पडला, तर तीन नगांचे नव्वद हजार. त्या नव्वद हजारांसाठी बैठका होतात, आणि केबलच्या आकारात दरवर्षी त्याच्या चौपट रक्कम सांडते. केबलची चूक नोंद कमीच करते, पण उपकरणाची चूक कोणत्या बाजूला पडेल ते आधी सांगता येत नाही. कधी कारखान्याचं नुकसान, कधी केईबीचं, म्हणजे जुन्या कर्नाटक वीज मंडळाचं. लोक अजून केईबीच म्हणतात म्हणून मीही तेच म्हणतो.

फेजची चूकही यात धरा. क्लास 0.2 ला 10 मिनिटांच्या कोनापर्यंत मुभा आहे. पॉवर फॅक्टर 0.9 असेल तर त्या 10 मिनिटांमुळे किलोवॉटमध्ये 0.14 टक्के फरक पडतो. पॉवर फॅक्टर 1 च्या जवळ ठेवला तर तो जवळपास शून्यावर येतो. हा खर्च व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर बदलून वाचत नाही, जनरेटरच्या एक्सायटेशनकडे लक्ष ठेवून वाचतो. आणि मुख्य मीटर आणि चेक मीटर बहुतेक ठिकाणी एकाच पीटीवर असतात. दोन्ही मीटर जुळले म्हणजे पीटी बरोबर आहे, असा अर्थ त्यातून निघत नाही.

सीमेवरच्या वाहिन्यांना हीच गोष्ट दुसऱ्या रूपात भोवते. चिक्कोडीहून कोल्हापूरकडे 220 केव्हीच्या वाहिन्या जातात, आंबेवाडीहून गोव्याकडे जातात. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर 765 केव्ही वाहिनीने दक्षिणेचं ग्रिड देशाच्या बाकी ग्रिडला जोडलं गेलं. तोपर्यंत या भागातल्या दोन ग्रिड वेगळ्या होत्या. आज दोन्ही टोकांच्या मीटरांची 15 मिनिटांच्या ब्लॉकमध्ये तुलना होते. वाहिनीवर 50 मेगावॉट असताना एका टोकाचा सीव्हीटी एक टक्का वर सरकला, तर ब्लॉकमागे 125 युनिट, दिवसाला 12,000 युनिट. कागदावर ती वाहिनीची हानी म्हणून दिसते. वाहिनी तपासायला माणसं निघतात आणि दोष टोकाच्या टाकीत बसलेला असतो.

आता सीव्हीटीच्या बाजूचं मोठं कारण, म्हणजे पीएलसीसी. वाहिनीवरून टेलिफोन आणि प्रोटेक्शनचे सिग्नल पाठवायचे तर वेव्हट्रॅपबरोबर (सिग्नल यार्डात जाण्यापासून अडवणारी कॉइल) कपलिंग कपॅसिटर लागतो. सीव्हीटी घेतला की त्याची माळच तो कपॅसिटर होते. पीटी घेतला तर कपलिंग कपॅसिटर वेगळा, त्याचं स्ट्रक्चर वेगळं, पाया वेगळा. जुन्या तुलनांत सीव्हीटी जिंकायचा तो बऱ्याचदा या एका ओळीवर. आज नव्या वाहिन्यांवर अर्थवायरच्या जागी ओपीजीडब्ल्यू येते, तिच्यातल्या फायबरवरून सगळे सिग्नल जातात. तुमच्या वाहिनीवर पीएलसीसी नसेल तर तुलनेतून ती बचत खोडा. सीव्हीटी म्हणजे स्वस्त हे जुन्या हिशेबातून आलेलं वाक्य तिथे लागू पडत नाही.

नगांची संख्या हा दुसरा मोठा आकडा. डिस्टन्स प्रोटेक्शनला (व्होल्टेज आणि करंटवरून वाहिनीवरचा बिघाड किती लांब आहे ते ओळखणारं संरक्षण) तिन्ही फेज लागतात. प्रत्येक वाहिनीला तीन नग द्यायचे की बसवर तीन ठेवून सगळ्या वाहिन्यांचे रिले त्यावर चालवायचे? बसवर ठेवले तर नग वाचतात. पण बसचा पीटी गेला की सगळी डिस्टन्स प्रोटेक्शन एकाच वेळी आंधळी होतात, आणि त्याच्या कामासाठी एलसी (पुरवठा बंद करून काम करण्याची परवानगी) घ्यायची तर सगळ्या वाहिन्यांचा विचार करावा लागतो. माझं मत असं की दोन वाहिन्यांच्या छोट्या कारखान्याच्या यार्डाला बसवर तीन नग आणि सिंक्रोनायझिंगसाठी वाहिनीवर एका फेजवर एक नग पुरतो. चार-पाच वाहिन्यांच्या सबस्टेशनला प्रत्येक वाहिनीवर तीन हवेत. पीटीसाठी एमसीबी घ्या, तिचा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट रिलेला जोडा. साधा फ्यूज गेला तर रिलेला ते स्वतःहून ओळखावं लागतं.

आता बिघाड. खर्चाच्या बाबतीत पीटी आणि सीव्हीटी यांचा खरा स्वभाव इथे कळतो.

पीटी बहुतेक वेळा सांगून जात नाही. गॅस्केट कडक होते, पावसाचं पाणी आत झिरपतं, कागद ओला होतो, टॅन डेल्टा (इन्सुलेशनमधली हानी दाखवणारा आकडा) चढतो. सेकंडरीला व्होल्टेज मात्र शेवटपर्यंत ठीक दिसतं. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात गॅस्केटची परीक्षा दरवर्षी होते. दुसरं म्हणजे प्रायमरीचं अर्थिंगचं टोक. टेस्टिंगसाठी ते सोडलं आणि परत जोडायचं राहिलं, तर ते टोक तरंगतं राहतं आणि आत ठिणग्या उडायला लागतात. तिसरं फेरोरेझोनन्स. बस बंद केली, पण ब्रेकरच्या ग्रेडिंग कपॅसिटरमधून (अनेक ब्रेकमध्ये व्होल्टेज सारखं वाटणारा) थोडं व्होल्टेज पीटीपर्यंत पोचत राहिलं, तर गाभा सॅच्युरेट होऊन प्रायमरी तापते. आजचे 110 केव्हीचे एसएफ6 ब्रेकर बहुतेक एका ब्रेकचे असतात, त्यांना ग्रेडिंग कपॅसिटर नसतो. म्हणून नव्या यार्डात हा धोका कमी. जुना अनेक ब्रेकचा ब्रेकर असेल तिथे पीटी घेण्याआधी हे तपासा.

सीव्हीटी मात्र बिघडण्याआधी बोलतो, ऐकायला माणूस हवा. समजा माळेत सी1 चे 100 घटक आणि सी2 चे 20 घटक आहेत. टॅपला मिळणारा वाटा 120 पैकी 20. सी1 मधला एक घटक शॉर्ट झाला तर वाटा होतो 119 पैकी 20, म्हणजे व्होल्टेज 0.84 टक्क्याने वाढतं. 63.5 व्होल्टवर अर्धा व्होल्ट. सी2 मधला एक घटक गेला तर वाटा 119 पैकी 19, म्हणजे 4.2 टक्के घट, पावणेतीन व्होल्टच्या आसपास. म्हणून वाढ आणि घट यांना एकच मर्यादा लावू नका. देशातल्या पारेषणाच्या देखभालीत अर्ध्या व्होल्टपर्यंतचा फरक निरोगी मानतात, त्यापुढे तपासणीचं अंतर कमी करत जातात, आणि वाढ दोन व्होल्टच्या वर गेली की नग बदलतात. घटीला मुभा त्याहून जास्त असते. कारण याच गणितात आहे. दोन व्होल्टची वाढ म्हणजे वरच्या माळेतले तीन-चार घटक गेलेले असतात. उरलेल्यांवर ताण वाढतो आणि त्यांचं जाणं वेगाने होतं.

हे मोजायचं कसं? जंक्शन बॉक्स उघडायचा, चांगल्या डिजिटल मल्टिमीटरने तिन्ही फेज एकापाठोपाठ, पाच मिनिटांच्या आत घ्यायच्या. त्याच बसवर दुसरा सेट असेल तर त्याच्याही तिन्ही फेज त्याच मीटरने. कारण बसचं व्होल्टेज दिवसभर हलत असतं. कालचं वाचन आणि आजचं वाचन यांची सरळ वजाबाकी करून काही कळत नाही. एकाच वेळच्या दोन सेटांतला फरक नोंदवा आणि तो फरक महिन्यागणिक कसा सरकतो ते बघा. एका वहीत सात रकाने पुरतात: तारीख, तीन फेज एका सेटच्या, तीन दुसऱ्या सेटच्या. थर्मल कॅमेरा असेल तर शेजारच्या फेजपेक्षा दोन-तीन अंश जास्त दिसले तरी गंभीर समजा. तारांच्या जोडाच्या, म्हणजे क्लॅम्पच्या, गरमपणाचे निकष इथे लावायचे नाहीत. इथे तापतं ते आतलं इन्सुलेशन.

ही देखरेख होणार असेल तर सीव्हीटीचं पारडं जड होतं. होणार नसेल, म्हणजे हंगाम संपल्यावर यार्ड कुलूपबंद आणि थेट पुढच्या हंगामात उघडणार, अशा ठिकाणी सीव्हीटीचा हा गुण वाया जातो. तिथे चांगल्या बनावटीचा पीटी, दरवर्षी हंगामापूर्वी टॅन डेल्टा आणि मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणं), हा सरळ मार्ग.

सीव्हीटी बसवताना होणारी एक चूक महाग पडते. कारखान्यातून माळ आणि खालची टाकी जुळवून, क्लास तपासून, सिरीयल नंबर टाकून येते. ट्रकमधून उतरवताना माळ एकाची आणि टाकी दुसऱ्याची अशी बसली तर उपकरण चालतं, व्होल्टेज दाखवतं, पण क्लास गेलेला असतो. साइटवर ते पकडायला प्रायमरीला पूर्ण व्होल्टेज आणि तुलनेसाठी प्रमाणित ट्रान्सफॉर्मर लागतो, जो सहसा कुणाकडे नसतो. म्हणून नंबरप्लेटा जुळवून मगच क्रेन लावायची. आणि बंद केलेल्या सीव्हीटीला हात लावण्याआधी अर्थ रॉड लावायचाच. माळेत चार्ज राहतो.

हार्मोनिकचं काय? सीव्हीटीचा रिअ‍ॅक्टर 50 हर्ट्झला जुळवलेला असतो. ग्रिडची वारंवारिता बहुतेक वेळ 49.9 ते 50.05 च्या मध्ये राहते, तिथे काही अडत नाही. पण 250 किंवा 350 हर्ट्झला तो काय दाखवेल याचा भरवसा नाही, कधी खरं त्याच्या दुप्पट, कधी निम्मं. पॉवर क्वालिटीचा मीटर सीव्हीटीवर लावून त्यावर दंडाचे वाद घालू नयेत. मोठे व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह) असलेल्या कारखान्याला किंवा सौर प्रकल्पाला हार्मोनिकचं मोजमाप बंधनकारक असेल, तर 110 केव्हीला पीटी घ्या. इथे दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

जमीन आणि हवा दोन्ही प्रकारांना सारखीच लागते, पण एकूण रकमेत ती मोठी असते. पोर्सिलीनचा पायथा जमिनीपासून अडीच मीटर वर ठेवायचा, म्हणून प्रत्येक नगाला स्ट्रक्चर आणि पाया आलाच. अथणी, रायबाग, सौंदत्तीकडच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसात ती फुगते. उथळ पाया तिथे हलतो. माती काढून मुरूम भरायचा किंवा अंडर-रीम्ड पाइल (खाली फुगवटा असलेला खोल खांब) घ्यायचा. खानापूरकडच्या जांभ्यात हा खर्च वाचतो. म्हणून काळ्या जमिनीत नग कमी करणं किंवा सीटी-पीटी एकत्र असलेलं उपकरण घेणं परवडू शकतं. एकत्र उपकरणात एक भाग गेला की दोन्ही जातात, हे मात्र धरून चाला.

कारखान्याच्या धुराड्याजवळ बगॅसची राख पडते. डिसेंबरच्या पहाटेचं दव त्या राखेला चिकटलं की पोर्सिलीनवरून ठिणग्या धावतात. जास्त प्रदूषणाला किलोव्होल्टमागे 25 मिलिमीटर क्रीपेज (पोर्सिलीनच्या पृष्ठभागावरून मोजलेलं अंतर) धरतात. 110 केव्हीच्या उपकरणाचं कमाल व्होल्टेज 123 केव्ही, म्हणजे 3,075 मिलिमीटर. धुराड्याच्या झोतात असाल तर 31 धरा, म्हणजे 3,813. किंवा सिलिकॉन रबरचं हाउसिंग घ्या. ते पाणी झटकतं, आणि उपकरण फुटलं तर पोर्सिलीनसारखे तुकडे उडत नाहीत. ऑर्डर देतानाच हे मागितलं तर थोडक्यात भागतं. नंतर दर आठवड्याला शटडाउन घेऊन पुसत बसावं लागतं, तेही ऐन गाळपात.

ऑप्टिकल प्रकाराबद्दल थोडक्यात. स्फटिकातून जाणाऱ्या प्रकाशावर विद्युत क्षेत्राचा परिणाम होतो, तो मोजून व्होल्टेज काढतात. तेल नाही, फेरोरेझोनन्स नाही, हार्मोनिक उत्तम दिसतात. पण त्यामागे मर्जिंग युनिट (मोजमाप डिजिटल रूपात पाठवणारा डबा) लागतं, त्याला स्वतःचा डीसी पुरवठा लागतो, मीटर आणि रिले डिजिटल इनपुटचे लागतात. लोखंडी पीटी तीस वर्षं काढतो, तेवढ्या काळात इलेक्ट्रॉनिक्स एकदा तरी बदलावं लागतं. पूर्ण डिजिटल सबस्टेशन उभं राहत असेल तर तांब्याच्या केबलची बचत त्यात धरून हिशेब करा. चालू यार्डात तीन नग बदलायला म्हणून तो घेऊ नये.

शेवटी सीव्हीटीच्या टाकीच्या बाजूचा एक छोटा डबा. झाकण उघडलं की आत पीएलसीसीचं एचएफ (उच्च वारंवारितेचं) टर्मिनल दिसतं, आणि त्याच्या शेजारी अर्थला जाणारी एक पट्टी. पीएलसीसी जोडलेलं असेल तर सिग्नल त्या टर्मिनलमधून जातो, आणि माळेचा 50 हर्ट्झचा करंट कपलिंग डिव्हाइसमधल्या कॉइलमधून अर्थला उतरतो. आता आपल्या भागात फायबर आल्यावर ती कपलिंगची पेटी काढून टाकतात. पेटी काढली, वायर कापली, आणि पट्टी अर्थला लावायची राहिली, तर माळेचं खालचं टोक उघडं पडतं. तिथे काही हजार व्होल्ट चढतात, ठिणग्या उडतात, टर्मिनलचं बुशिंग काळं पडतं, टाकीतलं तेल खराब होतं आणि सेकंडरीचं व्होल्टेज नाचायला लागतं. जवळ उभं राहिलं तर चरचर आवाज येतो. गेल्या काही वर्षांत ज्यांच्या यार्डात पीएलसीसी काढलं गेलंय, त्यांनी पुढच्या एलसीत प्रत्येक सीव्हीटीचा हा डबा उघडून पट्टी घट्ट लागलीय का ते हाताने हलवून बघावं. आधी अर्थ रॉड, मग झाकण. स्पॅनर 10 किंवा 13 चा लागतो.